पासादो मान्याना

मोल्डिंग मशीन बंद पडलं त्या सोमवारी
शिरोलीच्या फाउंड्रीत कुणी कुणाशी बोलेना.
मॅन्युअल स्पॅनिशमधलं. इंग्रजी प्रत
मागच्या मॅनेजरबरोबर कुठं गेली ती गेली.
साहेब म्हणाले, चौगुले, तू संध्याकाळी क्लासला जातीस न्हवं?
तूच बोल त्यांच्याशी.

क्लास म्हणजे राजारामपुरीतली गल्ली,
खाली सायकलचं दुकान, वर आम्ही चौघं
आणि सुवार्ता मॅडम.
त्यांनी पहिल्याच दिवशी खडू थांबवला:
बाई असून ‘कान्सादो’ कसं? ‘कान्सादा’ म्हणा.
म्हणलं, मॅडम, आमच्यात बायकाच म्हणतात,
दमलो बाई आज.
मॅडम नगरच्या. त्यांना हसू आवरेना.

तोवर धडे झालेले दोनच.
शनिवारचा बेत विचारणे,
घरातली मोडतोड सांगणे.
दिवा लागत नाही. खिडकी चौकटीत बसत नाही.
एवढ्या भांडवलावर फोन लावला.

पलीकडं इन्याकी.
आवाज असा, की तंबाखू सोडून आठच दिवस झालेत.
नो फुन्सिओना, मी म्हणलं.
काय फुन्सिओना नाही?
व्हॉल्व्हला शब्द नव्हता माझ्याकडं. नळाला होता.
एल ग्रिफो गोतेआ. नळ गळतो.
तो थांबला. मग विचारलं,
स्वयंपाकघरातला?
नाही, म्हणलं, मोठा. दोनशे बारचा नळ.

तिएने आरेग्लो?
हे मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवलेलं.
होईल का दुरुस्त?
मिक्सरला चालतं, चपलेच्या अंगठ्याला चालतं,
भावाभावांत बोलणं तुटलं तर तिथंही चालतं म्हणे.

पार्ट निघणार पासादो मान्याना.
वहीत अर्थ लिहिला, परवा,
आणि पेन तिथंच अडलं.
पासादो म्हणजे गेलेला. मान्याना, उद्या.
उद्याच्याही पलीकडं गेलेला दिवस.
मागच्या परव्याला त्यांच्यात शब्द वेगळा,
आपल्यात दोघांना एकच दार.
परवा आलेला. परवा येणार.
उद्यमनगरातला वायंडिंगवाला ‘परवा देतो’ म्हणाला
की कुठल्या अंगाचा परवा
हे त्याच्या तोंडाकडं बघून ठरवायचं.

मग रोज फोन. नट किती फिरवू?
इस्किएर्दा. डावीकडं. अजून अर्धा.
अजून अर्ध्याचा अर्धा.
हात ग्रीसनं भरलेले, फोन खांद्यावर,
आणि तो मधेच पहिल्या धड्यावर आला:
शनिवारचा बेत काय?

खरं ते सांगितलं. धुणं.
कपिलतीर्थातनं भाजी. आईच्या चष्म्याची काडी.
त्याचा बेत वडिलांच्या गावी, छपरावर.
कौलं बदलायची.
एकटा?
एकटा. म्हातारा खालनं शिव्या देतो.
मला दुसरं काही विचारता येत नव्हतं म्हणून
विचारलं, तिएने आरेग्लो?
छपराला आहे, तो म्हणाला.
जरा वेळानं म्हणाला.

बाराव्या दिवशी मशीन सुरू झालं.
साहेबांनी सगळ्यांना वडा सांगितला.
वाळू पुन्हा पट्ट्यावरनं चालायला लागली,
काही झालंच नव्हतं असं.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मी फोन लावला.
काय बिघडलं? त्यानं विचारलं.
काही नाही, याला शब्द होता. येतही होता. नादा.
तरी म्हणलं, नळ गळतो.
थोडासा.
तो गप्प. मागं कौलावर कौल ठेवल्याचा आवाज,
खाली कुणीतरी ओरडत असलेलं.
मग म्हणाला,
स्वयंपाकघरातला?

हो, म्हणलं.
आणि म्हणलं, एस्तोय कान्सादो.

त्यानं दुरुस्त केलं नाही.